घराच्या डीडवर बायकोचं नाव घालताना

पत्र

स. न. वि. वि.
आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. २०१६ साली ९ लाख डॉलरला घर घेतलं तेव्हा मी एच-वन-बीवर होतो आणि बायको एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. तिला ना सोशल सिक्युरिटी नंबर, ना पगार. त्यामुळे कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर झालं. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा करण्याच्या वेळी टायटल कंपनीने (मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीने) एका कागदावर तिची सही घेतली, 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणून. आता दोघांनाही ग्रीन कार्ड मिळालं आहे, दोन मुलं आहेत, घराची किंमत १५ लाखांच्या आसपास गेली आहे आणि घर तिच्याही नावावर असावं असं वाटतं. इंटरनेटवरून क्विटक्लेम डीडचा (मिळकतीतला आपला हक्क सोडून देण्याच्या दस्ताचा) कोरा नमुना उतरवून घेतला, भरला, नोटरी करून काउंटीला पोस्टाने पाठवला. काही आठवड्यांनी तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: नोटरीचा शिक्का वाचता येत नाही, 'एक्झिबिट ए' (मिळकतीच्या वर्णनाचं पान) जोडलेलं नाही, आणि पीकॉर फॉर्म (मालकीबदलाचा अहवाल) नाही किंवा त्याबद्दलचे २० डॉलर नाहीत.

पुण्याहून वडील म्हणतात, 'रजिस्ट्रारकडे दोघांनी जाऊन अंगठे द्या, पोस्टाने कुठे मालकी बदलते का?' बायको सध्या तिच्या आईच्या आजारपणामुळे पुण्यात आहे. तिची सही लागेल का? पुण्यातला नोटरी चालेल का? कर किती बसेल? वकील करावा की पुन्हा स्वतःच पाठवावं? परत आलेल्या डीडची प्रत जोडली आहे.
— एक वाचक, फ्रीमॉन्ट

उत्तर

काउंटीने तुमचा कागद परत पाठवला हे फार बरं झालं. चिठ्ठीतली तिन्ही कारणं तासाभरात निस्तरता येतील अशी आहेत. खरी चूक चिठ्ठीत नाही. तुमच्या प्रतीत देणारे म्हणून तुमचं नाव आहे आणि घेणारी म्हणून फक्त तुमच्या पत्नीचं. हा कागद नोंदला गेला असता तर तिचं नाव 'घातलं' गेलं नसतं, तुमचंच नाव निघालं असतं. घर तिचं एकटीचं आणि कर्ज तुमचं एकट्याचं! आणि काउंटीने त्याबद्दल चकार शब्द काढला नसता.

असं का, हे नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत आणि प्रत्येकीचा रेकॉर्डर, म्हणजे दस्त नोंदवून घेणारा अधिकारी, असतो. तुमचा अलमीडा काउंटीचा, ऑकलंडला. दस्त कायद्याने नोंदवण्याजोगा आहे का, ठरलेल्या नमुन्यात बसतो का, सही नोटरीसमोर कबूल झाली आहे का आणि फी पुरेशी आहे का, एवढंच तो पाहतो. आतल्या मजकुराचा परिणाम काय होईल, तुम्हाला नेमकं काय करायचं होतं, देणाऱ्याकडे मुळात मालकी होती का, हे पाहणं त्याचं काम नाही. मजकूर पटला नाही म्हणून दस्त नाकारण्याचा अधिकारही त्याला नाही. तेव्हा परत आलेल्या कागदाची फार चिंता करू नका. त्यात वेळ आणि थोडे पैसे जातात. चुकीच्या मजकुरासह नोंदला गेलेला कागद मात्र दहा-पंधरा वर्षांनी घर विकताना, नाहीतर कुणी गेल्यावर वर येतो, आणि तोवर तो सरळ करून द्यायला सही करणारा माणूस हयात असेलच असं नाही.

वडील म्हणतात ते महाराष्ट्रात बरोबर आहे. तिथे नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधकासमोर हजर राहावं लागतं, फोटो-अंगठे होतात, साक्षीदार लागतात, सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त हजर करावा लागतो, आणि खरेदीखत नोंदलंच नाही तर मालकी जात नाही. इथे डीडवर सही करून ते घेणाऱ्याच्या हवाली केलं की त्या दोघांपुरता व्यवहार पुरा होतो. नोंद करायची ती बाकी जगाला कळावं म्हणून. पण म्हणून डीड कपाटात ठेवू नका. सिव्हिल कोडच्या कलम १२१४ प्रमाणे, आधीच्या दस्ताची कल्पना नसताना पैसे मोजून घेणाऱ्या किंवा गहाण ठेवून घेणाऱ्या माणसाने आपला कागद आधी नोंदवला, तर न नोंदलेलं डीड त्याच्यापुढे टिकत नाही. पोस्टाने पाठवण्यात मात्र काहीही गैर नाही. अंगठा म्हणाल तर तो इथेही द्यावा लागतो, फक्त नोटरीच्या वहीत.

२०१६ चा तो कागद

पुढे काही करण्याआधी 'फॉर्मॅलिटी' म्हणून पत्नीने सही केलेल्या कागदाची प्रत काढा. तुमच्या ग्रँट डीडबरोबरच (घर तुमच्या नावावर करणाऱ्या दस्ताबरोबरच), त्याच दिवशी, बहुधा लगतच्याच दस्त क्रमांकाने तो नोंदलेला असेल. काउंटीची देणार-घेणार सूची नावाने चाळता येते. प्रत पैसे भरून मिळते. तो बहुतेक इंटरस्पाउझल ट्रान्सफर डीड असणार आणि त्याचा अर्थ असा, की या घरात पत्नीचा जो काही हक्क असेल तो तिने तुम्हाला दिला आणि घर तुमची 'सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी', म्हणजे एकट्याची स्वतंत्र मालमत्ता झालं. कॅलिफोर्नियात लग्नानंतरच्या पगारातून घेतलेलं घर, नाव कुणाचंही असो, मुळात दोघांचं म्हणजे कम्युनिटी प्रॉपर्टी समजलं जातं. त्या कागदाने ते समजणं मोडीत निघालं. एच-फोरवरच्या शेकडो जणींनी असे कागद सही केले आहेत. बँकेला कर्जदार एकच हवा असतो आणि पत्नीच्या हक्काची कटकट नको असते, एवढंच त्यामागचं कारण. टायटल कंपनीने काही लबाडी केली असं नाही. समजावून सांगितलं नाही, हे खरं.

याचा परिणाम किती मोठा आहे पाहा. उद्या तुमचं बरंवाईट झालं, मृत्युपत्र किंवा ट्रस्ट नसेल आणि घर तुमची स्वतंत्र मालमत्ता असेल, तर दोन मुलं असताना पत्नीला वारसाहक्काने एक तृतीयांश मिळतं. उरलेलं दोन तृतीयांश मुलांचं. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या हिश्श्यावर कोर्टाची देखरेख. शिवाय प्रोबेटचा, म्हणजे मालमत्ता वारसांना देण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेचा, खर्च. वकिलाची कायद्याने ठरलेली फी पहिल्या १ लाखावर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २ आणि त्यावरच्या ९० लाखांपर्यंत १ टक्का. १५ लाखांच्या घराला ती २८ हजार डॉलर होते, आणि तेवढीच रक्कम व्यवस्था पाहणाराही मागू शकतो. ही आकारणी घराच्या पूर्ण किमतीवर होते, कर्ज वजा न करता. तेव्हा नाव घालायचा तुमचा विचार योग्यच आहे, आणि तो लांबणीवर टाकू नये.

क्विटक्लेम नको

कोरा नमुना शोधायला गेलं की क्विटक्लेम सगळ्यात आधी सापडतं, म्हणून लोक तेच भरतात. त्यात देणारा म्हणतो, 'माझा काही हक्क असलाच तर तो दिला.' ग्रँट डीडमध्ये दोन हमी कायद्यानेच गृहीत धरल्या जातात: हा हक्क मी आधी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही, आणि मी स्वतः यावर न सांगितलेला बोजा चढवलेला नाही. टायटल विम्याच्या दृष्टीनेही ग्रँट डीड बरं. तुम्ही 'इंटरस्पाउझल ट्रान्सफर ग्रँट डीड' या मथळ्याचा नमुना घ्या.

त्यातलं मुख्य वाक्य असं हवं: देणारे म्हणून तुम्ही, 'अ मॅरीड मॅन अ‍ॅज हिज सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी', मग 'हिअरबाय ग्रँट्स टू', आणि घेणारे म्हणून तुम्ही आणि तुमची पत्नी, दोघंही, 'हजबंड अँड वाइफ, अ‍ॅज कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप', म्हणजे दोघांची मालमत्ता, आणि एक गेल्यावर ती आपोआप दुसऱ्याकडे. स्वतःचं नाव दोन्हीकडे येतं म्हणून बिचकू नका. नाव 'वाढवायचा' हाच मार्ग आहे: आधीचा मालक स्वतःच्या एकट्याच्या हातून स्वतःला आणि दुसऱ्याला मिळून देतो.

शेवटचे शब्द गाळू नका. नुसतं 'हजबंड अँड वाइफ' लिहून सोडलं तर घर कोणत्या प्रकारे धरलं आहे हा प्रश्न मागे उरतो. बरेच जण 'जॉइंट टेनंट्स' लिहितात. त्यातही एक गेल्यावर घर आपोआप दुसऱ्याकडे जातं, प्रोबेट टळतं, पण कराच्या हिशेबात तोटा होतो. तुमचेच आकडे घेऊ. खरेदी ९ लाख, आजची किंमत १५ लाख. जॉइंट टेनन्सीत एक जण गेला तर त्याच्या अर्ध्याचीच मूळ किंमत (विकताना नफा मोजायला धरतात ती) आजच्या भावाला येते. म्हणजे जोडीदाराची मूळ किंमत ४.५ अधिक ७.५, एकूण १२ लाख; लगेच विकलं तर ३ लाखांचा नफा कागदावर दिसतो. कम्युनिटी प्रॉपर्टीत दोन्ही अर्धे आजच्या भावाला येतात: मूळ किंमत १५ लाख, नफा शून्य. सर्व्हायव्हरशिपसह कम्युनिटी प्रॉपर्टी हा प्रकार जुलै २००१ पासून उपलब्ध आहे आणि त्यात दोन्ही फायदे मिळतात. मात्र दस्तात ते स्पष्ट शब्दांत लिहावं लागतं. घेणाऱ्यांनी ते मान्य असल्याची सही किंवा आद्याक्षरं दस्ताच्या दर्शनी भागावरच करायचीही तरतूद आहे. ती करून घ्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हे नुसतं नाव घालणं नाही, निम्मं घर कायमचं देणं आहे. पुढे रिफायनान्सला, विक्रीला दोघांच्या सह्या लागतील. एकाच्या कर्जाचे धनको कम्युनिटी प्रॉपर्टीवर येऊ शकतात. विचार बदलला तर तुम्ही एकटे ते मागे घेऊ शकत नाही.

कागद कसा दिसला पाहिजे

कागद साडेआठ बाय अकरा इंच. पहिल्या पानाच्या वरच्या अडीच इंच पट्टीत डावीकडचे साडेतीन इंच तुमचे: नोंदणी कोण मागतंय, आणि नोंदून झाल्यावर कुठे पाठवायचं. उजवीकडचे पाच इंच रेकॉर्डरच्या शिक्क्यासाठी पूर्ण कोरे. तिथे पेनाची रेघसुद्धा नको. मथळा त्या पट्टीच्या लगेच खाली, बाकी कडा किमान अर्धा इंच. टॅक्सची बिलं कुठे पाठवायची तो पत्ता आणि असेसरचा पार्सल नंबर, म्हणजे एपीएन, हेही पहिल्याच पानावर.

त्याखाली डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्सची घोषणा येते. विक्री असेल तर हजारी १ डॉलर १० सेंट हा काउंटीचा दर. ऑकलंड, बर्कली, हेवर्ड अशा शहरांचा स्वतःचा कर त्यावर वेगळा. तुमच्या बाबतीत मोबदला नाही, म्हणून रक्कम शून्य. पण नुसतं शून्य चालत नाही, कारण लिहावं लागतं: रेव्हेन्यू अँड टॅक्सेशन कोड ११९३०, देणगी, मोबदला नाही. त्याखाली देणाऱ्याची सही. ही ओळ कोरी राहिली म्हणून परत येणारे दस्त पुष्कळ.

आता 'एक्झिबिट ए'. घराचा पत्ता म्हणजे मिळकतीचं कायदेशीर वर्णन नव्हे. वर्णन म्हणजे लॉट क्रमांक, ट्रॅक्ट क्रमांक, तो नकाशा कोणत्या बुकात कोणत्या पानावर दाखल आहे, कोणत्या दिवशी. ते २०१६ च्या ग्रँट डीडमधून शब्दशः, विरामचिन्हांसकट उतरवा. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच डीडचं वर्णनाचं पान स्वच्छ छापून जोडा. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरचं त्रोटक वर्णन घेऊ नका. टाउनहाउस किंवा काँडो असेल तर जास्त जपा. तिथे वर्णन 'पार्सल वन, टू, थ्री' असं तुकड्यांत असतं: एकात तुमचं युनिट, दुसऱ्यात सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा, तिसऱ्यात गॅरेज किंवा जाण्यायेण्याचा हक्क. पहिला तुकडा उतरवून थांबलात तर गॅरेज तुमच्या एकट्याच्या नावावर राहील, आणि इथेही काउंटी काही बोलणार नाही.

नावांचं आपल्या लोकांचं दुखणं वेगळंच. २०१६ च्या डीडवर तुमचं नाव वडिलांच्या नावासकट तीन पदरी, ड्रायव्हिंग लायसन्सवर दोन पदरी, ग्रीन कार्डवर पुन्हा तिसऱ्याच क्रमाने. पत्नीच्या बाबतीत मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. नियम साधा ठेवा. देणाऱ्याचं नाव मागच्या डीडवर जसं आहे तसंच यायला हवं, कारण सूची त्याच नावावर चालते. आजच्या ओळखपत्रावर वेगळं असेल तर आजचं नाव लिहून पुढे 'हू अ‍ॅक्वायर्ड टायटल अ‍ॅज' आणि जुनं नाव जसंच्या तसं. सही त्याच नावाने, नोटरीच्या दाखल्यातही तेच नाव, एक अक्षरही इकडेतिकडे नको. पत्नीचं नाव आज तिच्या पासपोर्टवर आहे तसं घाला. पुढे विक्रीच्या वेळी नोटरी तेच तपासेल.

नोटरीकडे गेल्यावर

डीडला लागतो तो अ‍ॅक्नॉलेजमेंटचा, म्हणजे सही आपलीच असल्याचं कबूल केल्याचा दाखला. 'शपथेवर सांगतो' छापाचा जुराट चालत नाही. नोटरीसमोर दोन्ही फॉर्म पडलेले असतात, तेव्हा पाहून घ्या. दाखल्यावर काउंटीचं नाव, तारीख, तुमचं नाव भरलेलं आहे ना, तेही तिथेच तपासा. मिळकतीच्या डीडसाठी नोटरीने आपल्या वहीत तुमच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा असतो. तो घेतला नाही तर तुम्हीच आठवण करा, कारण पुढे सही खरी की खोटी असा वाद निघाला तर तोच पुरावा. फी एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर.

शिक्का का वाचता येत नाही? तुमच्या प्रतीत तो छापील मजकुरावर पडला आहे आणि उजवी कड पुसट आहे. रेकॉर्डर दस्त स्कॅन करतो. नोटरीचा कमिशन (परवाना) क्रमांक, मुदतीची तारीख, काउंटी यांतलं एकही अक्षर स्कॅनमध्ये उठलं नाही तर दस्त परत. नोटरीला मोकळी जागा दाखवा, आधी कोऱ्या कागदावर शिक्का मारून बघायला सांगा. दाखल्याच्या तळाशी जागा नसेल तर वेगळ्या पानावर दाखला घ्या. निघण्यापूर्वी फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. फोटोत वाचता येत नसेल तर काउंटीतही वाचता येणार नाही.

फी आणि पीकॉर

पीकॉर म्हणजे प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट. तो रेकॉर्डरकडे दिला तरी वाचतो असेसर, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स ठरवणारं खातं. त्याच्याविना दस्त नोंदला जाऊ शकतो, पण २० डॉलर जादा पडतात आणि असेसर पुढे मोठा फॉर्म पाठवतो. भरा आणि जोडा. त्यात वरच्या भागातच 'हा व्यवहार फक्त पती-पत्नींमधला आहे' असं विधान आहे, तिथे होकार द्या. ही एक खूण फार महत्त्वाची. १९७८ च्या प्रोपोझिशन १३ मुळे तुमच्या घराची करपात्र किंमत खरेदीच्या ९ लाखांपासून वर्षाला फार तर २ टक्के वाढत आली आहे. मालकी बदलली असं धरलं गेलं तर ती आजच्या बाजारभावाला नेऊन ठेवतात. पती-पत्नींमधल्या हस्तांतराला यातून वगळलेलं आहे. भावाचं, बहिणीचं नाव घालायचं असतं तर हिशेब वेगळा झाला असता, आणि मुलांना घर देण्याचे नियम प्रोपोझिशन १९ ने १६ फेब्रुवारी २०२१ पासून पार बदलले आहेत. मित्राने भावाचं नाव असंच घातलं, म्हणून त्याचाच फॉर्म उतरवू नका.

नोंदणीची फी पहिल्या पानाला काउंटीप्रमाणे थोडी कमी-जास्त, पुढच्या प्रत्येक पानाला साधारण ३ डॉलर. त्यावर २०१८ पासून गृहनिर्माण निधीचे ७५ डॉलर लागतात. पण राहत्या घराचं हस्तांतर तिथेच राहणाऱ्या मालकाकडे होत असेल तर ते माफ आहेत. माफी आपोआप मिळत नाही. पहिल्या पानावर किंवा जोडपत्रावर गव्हर्नमेंट कोड २७३८८.१ चा उल्लेख करून 'राहत्या मालकाकडे हस्तांतर, म्हणून फी माफ' असं लिहावं लागतं. चेक पाठवताना त्या दिवशीचा काउंटीच्या संकेतस्थळावरचा दर पाहूनच रक्कम घाला. कमी पडली तर पाकीट तसंच परत येतं. परतीचा पत्ता आणि तिकीट लावलेलं पाकीटही जोडा.

पुण्यातली सही

घेणाऱ्याची सही नोटरी करावी लागत नाही. तेव्हा पत्नीने यासाठी विमानात बसायची गरज नाही आणि पुण्यातल्या नोटरीकडे जायचीही नाही. वर म्हटलेली मान्यतेची सही किंवा आद्याक्षरं तेवढी शाईची हवीत. इथे छापलेलं डीड कुरियरने तिला पाठवा, तिची सही होऊन आलं की मग तुम्ही नोटरीसमोर जा. तिला मेल करून तिकडे छापून घ्यायला सांगू नका. पुण्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर मिळतो, लेटर आकार नाही. इथे साडेआठ बाय अकरापेक्षा वेगळ्या मापाची पानं निघाली की जादा आकार बसतो.

हे फक्त या डीडपुरतं. पुढे कधी ती भारतात असताना विक्रीची किंवा रिफायनान्सची वेळ आली, तर ती देणारी असेल आणि सही कबूल करावी लागेल. तेव्हा नुसता भारतीय नोटरी पुरत नाही. एक रस्ता मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन सही करण्याचा, एका शिक्क्याला ५० डॉलर. दुसरा भारतीय नोटरी, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र). भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. वकिलातीची वेळ मिळत असेल तर तोच रस्ता धरा. अपॉस्टिलमध्ये टप्पे जास्त, आणि एस्क्रोची, म्हणजे व्यवहार पुरा करण्याची, तारीख कुणासाठी थांबत नाही.

बँक, विमा आणि गिफ्ट टॅक्स

डीडवर नाव आलं म्हणजे कर्जावर आलं असं नाही. कर्ज तुमचंच राहतं. 'मालकी बदलली, सगळं कर्ज आत्ता भरा' असं बँक म्हणू शकत नाही. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घरात जोडीदाराला मालक करून घेण्याला संरक्षण दिलं आहे. तुमची टायटल विम्याची पॉलिसी मात्र तुमच्या नावाची. नोंदणीपूर्वी त्या कंपनीला फोन करून पत्नीला विमाधारक म्हणून जोडणारं एन्डॉर्समेंट मिळतं का, ते विचारा.

गिफ्ट टॅक्स हा ग्रीन कार्डवाल्यांना हमखास चकवणारा भाग. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर त्याला कितीही द्या, कर नाही. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. जोडीदार नागरिक नसेल तर वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच सूट आहे. २०२५ साठी ती १,९०,००० डॉलर होती. समजा अजून ५ लाख कर्ज बाकी आहे. तर तुमचा घरातला हिस्सा १० लाख, त्याचं निम्मं ५ लाख. कागदावर तरी मर्यादा ओलांडली. गेली कित्येक वर्षं हप्ते पगारातून गेले आहेत, त्यामुळे मूर-मार्सडेन नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिताने घराचा काही भाग आधीच कम्युनिटीचा ठरतो आणि देणगीचा आकडा खाली येतो. प्रत्यक्ष कर भरावा लागण्याची शक्यता कमी, कारण आयुष्यभराची सूट मोठी आहे. पण पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत फॉर्म ७०९ (गिफ्ट टॅक्सचं विवरणपत्र) भरायचा का, हे सीपीएकडून, म्हणजे कर सल्लागाराकडून, डीड करण्याआधी ठरवून घ्या. पत्नीचं नागरिकत्व वर्षभरावर आलं असेल तर थांबायचं की नाही, हाही प्रश्न तेव्हाच विचारा.

वकिलाचं म्हणाल, तर एक सरळ घर, एक नवरा, एक बायको, मागचं डीड स्वच्छ, असं असेल तर हा कागद तुम्ही स्वतः करू शकता. २०१६ ची प्रत काढल्यावर तिथे काही वेगळंच दिसलं, वर्णन तुकड्यांत असलं किंवा खरेदीत माहेरचे-सासरचे पैसे असतील, तर डीड करून देणाऱ्या वकिलाला काहीशे डॉलर द्या. आणि मुलांसाठी लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच मालमत्ता ठेवायचा विश्वस्त निधी) करायचा विचार असेल तर आधी नाव घालून मग पुन्हा ट्रस्टला देणं, अशी दोन डीडं करत बसू नका. वकील दोन्ही एकदमच बसवून देईल.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी एवढंच: वरचा मजकूर जसाच्या तसा उचलू नका. न्यू जर्सीत दस्त काउंटी क्लर्ककडे, काही काउंट्यांत रजिस्टरकडे जातो आणि देणाऱ्याच्या रहिवासाचा जीआयटी-रेप फॉर्म जोडल्याविना तो नोंदत नाहीत. टेक्सासमध्ये ट्रान्सफर टॅक्स नाही, पण घेणाऱ्याचा टपालाचा पत्ता नसेल तर दंड आहे.

नोंदून झाल्यावर मूळ डीड वर दस्त क्रमांक आणि तारीख पडून पोस्टाने परत येईल. ते आल्यावर वर्णनाचं पान आणि नावं पुन्हा एकदा जुन्या डीडशी ताडून पाहा. चूक सापडली तर त्यावर पेन लावू नका. दुरुस्तीचं नवं डीड, नवी सही, नवा नोटरी. त्याच सुमारास सरकारी थाटाचं एक पत्र येईल, 'आपल्या डीडची प्रत हवी असल्यास' म्हणून शंभरेक डॉलर मागणारं. ते खाजगी कंपनीचं असतं, फेकून द्या. प्रमाणित प्रत काउंटीत थोडक्या डॉलरांत मिळते. घराच्या विम्यावर पत्नीचं नाव घालायला त्याच आठवड्यात एजंटला कळवा. आणि पुढच्या काही महिन्यांत असेसरकडून वाढीव मूल्यांकनाची नोटीस किंवा सप्लिमेंटल बिल आलं तर मुकाट्याने भरू नका: पीकॉरची प्रत आणि लग्नाचा दाखला घेऊन असेसरच्या कार्यालयाशी नोटिशीतल्या मुदतीच्या आत बोला.